मॅक्सीन : नाव, सूत्र आणि पृष्ठभाग

रासायनिक सूत्र हे पदार्थाचे सर्वांत संक्षिप्त वर्णन होय. पाण्याच्या सूत्रात हायड्रोजनचे दोन अणू व ऑक्सिजनचा एक अणू एवढेच सांगितलेले असते; पण जेवढे सांगितले तेवढे निश्चित असते, आणि पुण्यातील पाणी व पॅरिसमधील पाणी एकच, हे विधान त्या निश्चितीवरच उभे असते. २०११ पासून मात्र रसायनशास्त्राच्या नियतकालिकांत अशा एका पदार्थवर्गाची चर्चा सतत चालू आहे की, ज्याच्या सूत्रातील शेवटचे अक्षर अनिश्चित आहे आणि त्या अक्षराखालचा अंकही अनिश्चित आहे. हा वर्ग म्हणजे संक्रमणी धातूंची द्विमितीय कार्बाइडे व नायट्राइडे. इंग्रजीत त्याचे नाव लिहिताना एम व एक्स ही दोन मोठी रोमन अक्षरे लिहून त्यांना ‘ईन’ हा प्रत्यय जोडतात. उच्चार मात्र ‘मॅक्सीन’ असा करतात. लिहिलेल्या नावात नसलेला स्वर उच्चारात यावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. परंतु येथे त्या न लिहिलेल्या स्वरातच पदार्थाची जन्मकथा साठलेली आहे. देवनागरीत तो स्वर लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, त्यामुळे मराठी लेखनात ही कथा डोळ्यांसमोर राहते, असे म्हणावयास हरकत नाही.

मॅक्सीन हे मूळचे स्वतंत्र कुळ नव्हे. ‘मॅक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घन पदार्थांपासून ते निघाले. मॅक्स या नावातील तीन अक्षरे म्हणजे तीन स्थाने होत. एम हे टायटॅनियम, व्हॅनेडियम, निओबियम, मॉलिब्डेनम यांसारख्या संक्रमणी धातूचे स्थान. ए हे मुख्यतः आवर्त सारणीच्या तेराव्या व चौदाव्या गटांतील मूलद्रव्याचे, म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमचे किंवा सिलिकॉनचे स्थान. आणि एक्स हे कार्बनचे, नायट्रोजनचे अथवा दोहोंचे मिळून असलेले स्थान. एमची संख्या एक्सच्या संख्येहून एकाने अधिक असते. एक्स एक तर एम दोन, एक्स दोन तर एम तीन, एक्स तीन तर एम चार. ए मात्र एकच. संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ही योजना परकी वाटणार नाही. ‘अच्’ हे जसे एका स्वराचे नाव नसून सर्व स्वरांचे मिळून नाव आहे, तसे एम हे एका धातूचे नाव नसून त्या जागी येऊ शकणाऱ्या धातूंच्या समूहाचे नाव आहे. अशा संज्ञेचा मोठा लाभ असा की, जो पदार्थ अद्याप कोणी तयार केलेला नाही त्यालाही तिच्यात जागा असते. रिकामी जागा दिसली की तेथे काय बसेल याचा विचार सुरू होतो.

मॅक्स पदार्थ जुने आहेत. व्हिएन्ना येथील हान्स नोवोत्नी व त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात अशी अनेक संयुगे तयार करून त्यांच्या स्फटिकरचना ठरविल्या होत्या. पुढे जवळजवळ तीस वर्षे त्यांच्याकडे फारसे कोणी वळले नाही. १९९६ मध्ये फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठात मिशेल बारसूम व तामेर एल-राघी यांनी टायटॅनियम, सिलिकॉन आणि कार्बन यांचे असे एक संयुग जवळजवळ शुद्ध स्वरूपात तयार केले आणि त्याचे गुणधर्म मोजले. ते विलक्षण ठरले. भट्टीत भाजलेल्या मृत्तिका-पदार्थाप्रमाणे ते उष्णता सोसते, धातूप्रमाणे वीज व उष्णता वाहून नेते, आणि साध्या हत्यारांनी त्याला आकार देता येतो. २००० साली बारसूम यांच्या समीक्षालेखात ही सारी संयुगे एका सामान्य सूत्राखाली एकत्र आली. सुटी सुटी पडलेली उदाहरणे एका सूत्रात बसली की त्यांचे शास्त्र बनू लागते, हा अनुभव येथेही आला.

या पदार्थांचे गुण त्यांच्या थरांत आहेत. एम व एक्स यांचे अणू एकमेकांशी फार बळकट बंधांनी जखडलेले असतात. त्यांच्या दोन जाड थरांमध्ये ए-अणूंचा एकेरी थर असतो, आणि एम व ए यांमधील बंध तुलनेने दुबळा व अधिक क्रियाशील असतो. तुलनेने, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात. ग्राफाइटचे थर तर कागदावर पेन्सिल ओढली तरी सुटतात, आणि २००४ साली मँचेस्टर येथे आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी चिकटपट्टीच्या साहाय्याने त्यांतील एकेरी थर वेगळा करून ग्राफीनचा अभ्यास सुरू केला. मॅक्समधील थर असे सुटत नाहीत. एम व ए यांमधील बंध दुबळा असला तरी तो धातूतील बंधासारखा खरा बंध आहे; ओढून, घासून वा कुटून तो नेमका तुटत नाही. तो तोडावयाचा तर रासायनिक उपायानेच तोडावा लागतो, आणि उपाय असा हवा की ए जावा पण एम-एक्स राहावेत.

ड्रेक्सेलमध्ये बारसूम हे मृत्तिका-पदार्थांचे अभ्यासक, तर युरी गोगोत्सी हे सूक्ष्म संरचनेच्या कार्बनचे अभ्यासक. दोघांच्या सहकार्याचा आरंभ मॅक्सीनच्या आधीचा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका संयुक्त कामात मॅक्स पदार्थावर क्लोरीन सोडून टायटॅनियम व सिलिकॉन ही दोन्ही मूलद्रव्ये काढून टाकली होती आणि मागे सच्छिद्र कार्बन तेवढा उरविला होता. म्हणजे एम व ए जातात आणि एक्स उरतो. पुढे प्रश्न उलटला. विद्युत् घटमालेच्या अग्रांसाठी मॅक्स पदार्थांचा उपयोग होईल का, याचा शोध चालू असताना थरांमध्ये लिथियमला वाट कशी करून द्यावी, ही अडचण उभी राहिली. मायकेल नगीब या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याने टायटॅनियमचे तीन, ॲल्युमिनियमचा एक आणि कार्बनचे दोन अणू असलेल्या मॅक्स पदार्थाची पूड पन्नास टक्के हायड्रोफ्लुओरिक अम्लात दोन तास, साध्या खोलीच्या तापमानास ठेवली. ॲल्युमिनियम फ्लुओराइडाच्या रूपाने बाहेर पडला, हायड्रोजन वायू निघून गेला, आणि मागे पुस्तकाच्या फुगलेल्या पानांसारखे थर राहिले. प्रत्येक थरात टायटॅनियमच्या तीन व कार्बनच्या दोन अशा पाच अणुपंक्ती एकीआड एक होत्या; जाडी सुमारे एक नॅनोमीटर. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधावर नऊ संशोधकांची नावे आहेत, आणि त्यांत स्वीडनमधील लिनशॉपिंग विद्यापीठाचे लार्स हुल्टमन हेही आहेत. एका विद्यापीठातील अम्ल आणि दुसऱ्यातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, अशी ही विभागणी प्रारंभापासूनची आहे. हायड्रोफ्लुओरिक अम्ल हे हाताळावयास अत्यंत धोक्याचे द्रव्य असून ते कातडीतून आत शिरते व शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढील संशोधनाचा बराच भाग हे अम्ल टाळण्याच्या खटपटीत गेला, त्याचे एक कारण हेच.

नाव त्या पहिल्याच निबंधात पडले. मॅक्समधून ए गेला म्हणून अक्षरांतूनही ए गाळला, आणि ग्राफीनशी असलेले साम्य दाखविण्यासाठी ‘ईन’ जोडला. या प्रत्ययाचा प्रवास मनोरंजक आहे. सेंद्रिय रसायनात तो एथिलीन, बेंझीन अशा नावांत येतो व कार्बनच्या दोन अणूंमधील द्विबंध सुचवितो. ग्राफाइटच्या एकेरी थराला ग्राफीन म्हणावे, ही सूचना हान्स-पीटर बोएम व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये केली, त्या वेळी हा अर्थ शाबूत होता, कारण त्या थरात बेंझीनसारखीच षट्कोनी वलये आहेत. ग्राफीन गाजल्यावर मात्र ‘ईन’ म्हणजे ‘एकेरी थर’ असा नवाच अर्थ रूढ झाला आणि सिलिसीन, फॉस्फोरीन, स्टॅनीन अशी नावे निघाली. मॅक्सीनमध्ये कार्बनचा कार्बनशी बंधच नसतो. द्विबंधाचा मागमूसही नाही. प्रत्यय तोच, अर्थ संपूर्ण बदललेला, आणि कोणाची तक्रार नाही.

ए गेला, याला व्याकरणाच्या परिभाषेत लोप म्हणता येईल. आणि ही उपमा वरवरची नाही. पाणिनीय व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे, केवळ अदर्शन. आणि लोप पावलेला प्रत्ययही आपले कार्य करून जातो. ‘अग्निचित्’ या शब्दात ‘चि’ या धातूला क्विप् हा प्रत्यय लागतो. त्याचा एकही वर्ण शेवटी उरत नाही, पण त्याच्या निमित्ताने आलेला ‘त्’ मात्र राहतो. मॅक्सीनची स्थिती नेमकी अशीच आहे. ए-थर जाताच एम-अणूंचा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि असा उघडा धातू पाणी व अम्ल यांच्या सान्निध्यात क्षणभरही उघडा राहू शकत नाही. विद्रावातील फ्लुओरीन, ऑक्सिजन किंवा हायड्रॉक्सिल गट तत्काळ येऊन त्यावर बसतात. सूत्रात यांच्यासाठी शेवटी टी हे अक्षर लिहितात आणि त्याखाली एक्स हा अनिश्चित अंक ठेवतात. (हा लहान एक्स आणि कार्बन-नायट्रोजनच्या स्थानाचा मोठा एक्स यांचा गोंधळ नवख्या वाचकाचा नेहमी होतो, संज्ञा ठरविणाऱ्यांनी येथे थोडी अधिक काळजी घ्यावयास हवी होती.) गेलेल्या मूलद्रव्याने मागे ठेवलेली खूण म्हणजे हा टी होय.

या टीकडे प्रारंभी दुय्यम गोष्ट म्हणून पाहिले गेले, आणि तेथेच खरा प्रश्न आहे. मॅक्सीनचा थर पाच अणूंच्या जाडीचा. त्यांतील दोन बाहेरच्या पंक्तींना टी चिकटलेला. म्हणजे पदार्थाचा फार मोठा हिस्सा पृष्ठभागच आहे. टी बदलला तर वीज वाहून नेण्याची शक्ती बदलते, पाण्याशी वागणूक बदलते, टिकाऊपणा बदलतो. जपानमधील मोहम्मद खझाई व सहकारी यांनी २०१३ मध्ये गणिताने दाखविले की टायटॅनियमचे दोन व कार्बनचा एक अणू असलेल्या थरावर ऑक्सिजन बसविला तर तो अर्धसंवाहक व्हावा, एरवी मात्र तो धातूप्रमाणे वागतो. मग एकाच नावाने, एकाच सूत्राने दोन प्रयोगशाळांनी दोन निष्कर्ष प्रसिद्ध केले, तर चूक कोणाची? कदाचित कोणाचीच नाही. त्यांच्या कुप्यांत भिन्न पदार्थ असतील आणि त्यांतील भेद त्या एका अनिश्चित अक्षरात लपलेला असेल. नाव एक आणि वस्तू दोन, ही स्थिती कोशकाराला त्रासदायक वाटते. प्रयोग पुनःपुन्हा करून पाहणाऱ्या शास्त्राला तर ती मुळावरच येणारी आहे.

टी कोणता व किती, हे एका उपकरणाने ठरत नाही. क्ष-किरणांना व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला टायटॅनियमसारखा जड अणू ठळक दिसतो, पण हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. फ्लुओरीन व ऑक्सिजन हे शेजारचे अणू एकमेकांपासून ओळखणेही कठीण जाते. न्यूट्रॉनांना हायड्रोजन चांगला जाणवतो. म्हणून अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा उपयोग करून थरांची व त्यांवरील गटांची प्रतिकृती २०१६ मध्ये तयार करण्यात आली. त्याच वर्षी केंब्रिज येथे क्लेअर ग्रे यांच्या गटाने अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या पद्धतीने हायड्रोजन व फ्लुओरीन यांच्या अणुकेंद्रांनाच जणू साक्षीस बोलाविले. निष्कर्ष असा निघाला की हायड्रॉक्सिल गट समजला होता त्याहून कमी असतात, आणि तीव्र हायड्रोफ्लुओरिक अम्लाने केलेल्या नमुन्यावर फ्लुओरीन पुष्कळ, तर सौम्य रीतीने केलेल्या नमुन्यावर बराच कमी असतो. म्हणजे टी हा पदार्थाचा स्वभाव नसून त्याचा इतिहास आहे. तो कोणत्या रीतीने जन्मला हे त्यात लिहिलेले असते. या निर्णयात मृत्तिका-तज्ज्ञ, विद्युत् रसायनज्ञ, न्यूट्रॉनांचे भौतिकीतज्ज्ञ आणि गणनाकार अशा चौघांचा वाटा आहे, आणि यांपैकी एकाही गटाला तो एकट्याने देता आला नसता. सहकार्य हे येथे सौजन्य नसून गरज आहे.

वर उल्लेखिलेली सौम्य रीत २०१४ मध्ये ड्रेक्सेल येथेच निघाली. हायड्रोफ्लुओरिक अम्ल प्रत्यक्ष न वापरता हायड्रोक्लोरिक अम्लात लिथियम फ्लुओराइड विरघळवितात. अम्ल तेथल्या तेथे, थोडे थोडे तयार होते. त्याबरोबर लिथियमचे आयन पाणी घेऊन थरांमध्ये शिरतात, थर एकमेकांपासून दुरावतात, आणि धुऊन उरलेला पदार्थ चिकणमातीसारखा मऊ होतो. ही माती लाटता येते, साच्यात दाबता येते, आणि वाळल्यावर ती वीज वाहून नेते. कुंभाराच्या मातीलाही हाच गुण थरांमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे येतो. फरक इतकाच की कुंभाराची माती विजेला अडविते. या मातीच्या लाटलेल्या पापुद्र्यांची विद्युत् धारिता दर घन सेंटिमीटरला ९०० फॅराडपर्यंत भरली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, ड्रेक्सेल व तुलूझ येथील गटांनी मिळून हीच राशी ३०० फॅराडहून अधिक असल्याचे दाखविले होते, आणि सच्छिद्र कार्बनाच्या मानाने तीही पुष्कळ होती. २०१६ मध्ये कोरिया इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी आणि ड्रेक्सेल यांच्या संयुक्त कामात ४५ मायक्रोमीटर जाडीच्या पापुद्र्याने विद्युत् चुंबकीय लहरी ९२ डेसिबलपर्यंत अडविल्या. साध्या भाषेत सांगावयाचे तर पडलेल्या शक्तीच्या शंभर कोटींव्या भागाहूनही कमी पलीकडे गेली. शेजारी शेजारी असलेल्या विद्युत् उपकरणांनी परस्परांत ढवळाढवळ करू नये म्हणून असे आच्छादन लागते.

हे आकडे पाहून उत्साह वाटणे स्वाभाविक आहे, पण पदार्थ नाजूक आहे. पाण्यात ठेवलेले मॅक्सीन काही दिवसांत वा आठवड्यांत विघटित होऊन टायटॅनियमचे ऑक्साइड बनते. हवेतील ऑक्सिजन हे याचे कारण असावे, असा समज होता. २०१९ मध्ये शुओहान हुआंग व वादिम मोचालिन यांनी पाणी हाच मुख्य अपराधी असल्याचे दाखविले. उपाय अनपेक्षित ठिकाणी सापडला. २०२१ मध्ये ड्रेक्सेलच्या गटाने मॅक्स पदार्थ तयार करतानाच ॲल्युमिनियम जरुरीहून अधिक घातला. त्यामुळे मूळ स्फटिक अधिक निर्दोष झाले, आणि त्यांपासून काढलेले थर पाण्यात दहा महिन्यांहून अधिक काळ टिकले. त्यांच्या पापुद्र्यांची विद्युत् संवाहकता दर सेंटिमीटरला २०,००० सीमेन्सपर्यंत पोहोचली. शेवटी जो घालवून द्यावयाचा, त्याच मूलद्रव्याचा प्रारंभी भरपूर पुरवठा केल्याने हा लाभ झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

आतापर्यंत कार्बाइडांविषयी सांगितले. शीर्षकसूत्रातील एक्सच्या जागी नायट्रोजनही येतो, असे वर म्हटले होते. सूत्राने दोघांना समान अधिकार दिला असला तरी प्रयोगशाळेने तो बराच काळ दिला नाही. नायट्रोजनपाशी कार्बनहून एक इलेक्ट्रॉन अधिक असल्यामुळे नायट्राइडे विजेची अधिक चांगली वाहक व्हावीत, अशी अपेक्षा होती. पण नायट्राइडाच्या मॅक्समध्ये ॲल्युमिनियम अधिक घट्ट धरलेला असतो, आणि उलट सुटलेला नायट्राइडाचा थर कार्बाइडाच्या थराहून दुबळा असतो. अम्ल सौम्य ठेवावे तर ॲल्युमिनियम जात नाही. तीव्र करावे तर थरच विरघळतो. २०१६ मध्ये ड्रेक्सेल येथे पॅट्रिक उर्बान्कोव्स्की व सहकाऱ्यांनी अम्ल बाजूस ठेवून पोटॅशियम, लिथियम व सोडियम यांच्या फ्लुओराइडांचे वितळलेले मिश्रण ५५० अंश सेल्सिअसला, आर्गॉन वायूत वापरले आणि टायटॅनियमचे चार व नायट्रोजनचे तीन अणू असलेला थर मिळविला. दुसऱ्या वर्षी त्याच गटाने वेगळी युक्ती केली. मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांची कार्बाइडे आधी तयार करून त्यांवर ६०० अंशांस अमोनिया सोडला, आणि कार्बनच्या जागी नायट्रोजनचा आदेश करविला. २०१७ मध्येच तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्रात भुवनेश्वरी सौंदिरराजू व बेनी जॉर्ज यांनी पोटॅशियम फ्लुओराइड व हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्या मिश्रणाने टायटॅनियमचे दोन व नायट्रोजनचा एक अणू असलेले मॅक्सीन तयार केले, आणि अत्यल्प प्रमाणातील द्रव्ये रामन परिणामाने ओळखण्यासाठी त्याचा आधारपट म्हणून उपयोग करून दाखविला. या विषयावरील भारतीय कामात या निबंधाचे स्थान महत्त्वाचे आहे. आणि रामन यांचे नाव त्यात पुन्हा यावे, हेही उचितच.

वितळलेल्या लवणांची वाट पुढे फार दूरवर गेली. २०१९ मध्ये चीनमधील निंगबो येथील छिंग हुआंग यांच्या गटाने लिनशॉपिंगच्या संशोधकांसह मॅक्स पदार्थ वितळलेल्या झिंक क्लोराइडात ठेवला. ॲल्युमिनियम बाहेर गेला आणि त्याच्या जागी झिंक बसले. म्हणजे येथे लोप न होता आदेश झाला. झिंक क्लोराइड आणखी वाढविले तेव्हा झिंकही गेले, आणि ज्याच्या पृष्ठावर केवळ क्लोरीन आहे असा थर उरला. फ्लुओरीन नाही, ऑक्सिजन नाही, हायड्रॉक्सिल नाही. टीची जागा प्रथमच एका निश्चित मूलद्रव्याने घेतली. २०२० मध्ये निंगबो व तुलूझ येथील गटांनी दाखविले की तांब्याच्या क्लोराइडाने, ७५० अंशांस, सिलिकॉनही काढून टाकता येतो. म्हणजे ॲल्युमिनियमवर अडून राहण्याचेही कारण उरले नाही. कोणते लवण कोणत्या मूलद्रव्याला बाहेर काढील याचे उत्तर त्यांच्या ऑक्सिडीकरणाच्या विभवांवरून आधीच देता येऊ लागले.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठातील दिमित्री तालापिन यांच्या गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. सूक्ष्मदर्शनाचे काम त्याच शहरातील इलिनॉय विद्यापीठाच्या रॉबर्ट क्ली यांच्या गटाकडे होते. क्लोरीन व ब्रोमीन यांचे बंध सैल असतात, हे हेरून त्यांनी पृष्ठावरील हे अणू उच्च तापमानास वितळलेल्या लवणांतच बदलून त्यांच्या जागी गंधक, सेलेनियम, टेल्युरियम, ऑक्सिजन अथवा नायट्रोजन-हायड्रोजनचा गट बसविला. आणि पृष्ठभाग रिकामा ठेवणेही साधले. सेंद्रिय रसायनात एका गटाच्या जागी दुसरा बसविण्याची कला शंभर वर्षांहून जुनी आहे. घन अकार्बनी थरावर ती अशी चालेल, असे कोणास वाटले नव्हते. परिणाम पृष्ठापुरता राहिला नाही. टेल्युरियमचे अणू आकाराने मोठे. ते बाहेर दाटीवाटीने बसले तेव्हा आतील टायटॅनियम-कार्बन जाळीलाच त्यांनी ताणले, आणि अणूंमधील अंतर मूळ टायटॅनियम कार्बाइडाच्या मानाने १८ टक्क्यांहून अधिक वाढले. निओबियमच्या मॅक्सीनमध्ये अति-नीच तापमानास दिसणारी अतिसंवाहकताही पृष्ठावर कोण बसला आहे यावर अवलंबून असल्याचे आढळले. २०११ मध्ये ज्याला सूत्राचे शेपूट समजले होते, ते आता सगळ्या देहाला वळवू लागले.

२०२३ मध्ये तालापिन यांच्याच गटाने मॅक्स पदार्थाची गरजच काढून टाकली. टायटॅनियमची पूड, ग्राफाइट आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड ही द्रव्ये ९५० अंशांस एकत्र तापविली असता टायटॅनियमचे दोन, कार्बनचा एक व क्लोरीनचे दोन अणू असलेले मॅक्सीन सरळच तयार झाले. ग्राफाइटऐवजी मिथेन व पुडीऐवजी टायटॅनियमचा पत्रा घेतला तर त्या पत्र्यावर मॅक्सीनचे थर उभे वाढतात, गालिच्याच्या लवेसारखे. आणि पुढे ते फुगून सुटतात. नायट्रोजन वायू दिला तर नायट्राइडही मिळते. ज्या नायट्राइडांनी अम्लाला दाद दिली नाही ती या रीतीने अम्लाचा स्पर्श न होता बनली. झिर्कोनियमची जोडीही त्याच निबंधात आहे.

या नव्या पदार्थात ए कधी नव्हताच. त्याचा लोप झाला असे म्हणण्यास आता आधार नाही, कारण स्थानीच नसेल तर लोप कोणाचा? तरीही त्याचे नाव मॅक्सीनच राहिले आहे आणि उच्चारात तो स्वर तसाच टिकून आहे. सूत्र मात्र बदलले. टी व त्याखालचा अनिश्चित एक्स यांच्या जागी तेथे आता क्लोरीन आणि दोन असे लिहिले जाते, आणि मुद्रकाला त्यासाठी वेगळा खिळा शोधावा लागत नाही.